सर्वांत वरचा मजला

जुलै १९९५च्या मध्यावर शिकागोच्या शवागाराबाहेर नऊ रेफ्रिजरेटेड ट्रक येऊन उभे राहिले. एरवी मांस वाहून नेणारे ट्रक होते ते. आता त्यांत माणसं ठेवायची होती, कारण आतली जागा संपली होती. पोलिसांच्या गाड्या मृतदेह घेऊन येत होत्या आणि दारात ताटकळत होत्या. भूकंप झाला नव्हता, आग लागली नव्हती, विमान कोसळलं नव्हतं. शहरात उकडत होतं, एवढंच.

१३ जुलैला तिथल्या मिडवे विमानतळावर पारा ४१ अंशांवर गेला होता. मी नागपूरची आहे, त्यामुळे हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे मे महिन्यात ४१ म्हणजे बरा दिवस. पण शिकागो एका अवाढव्य तळ्याच्या काठी वसलंय आणि त्या आठवड्यात हवा कमालीची दमट होती. अंगाला जाणवणारं तापमान पन्नासच्या आसपास जात होतं आणि रात्रीही उतार नव्हता. लोकांनी फायर ब्रिगेडसाठी रस्त्याकडेला बसवलेले पाण्याचे खांब उघडून पोरांना फवाऱ्याखाली उभं केलं. असे तीन हजारांवर खांब उघडले गेले आणि काही वस्त्यांमध्ये घरच्या नळाचं पाणी गेलं. एसींच्या भाराने ट्रान्सफॉर्मर बसले, हजारो घरं अंधारात. एक वेळ अशी आली की वीसहून जास्त रुग्णालयांनी ॲम्ब्युलन्स परत पाठवायला सुरुवात केली. उष्णतेच्या आणीबाणीत काय करायचं याची एक योजना शहराकडे होती. ती अमलात आली १५ जुलैला. तोवर शेकडो माणसं गेली होती.

१४ ते २० जुलै या एका आठवड्यात शिकागोत नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. १८७१च्या सुप्रसिद्ध आगीत याच शहरात जेवढे लोक गेले, त्याच्या दुपटीहून जास्त. त्या आगीसाठी शिकागोच्या झेंड्यावर एक तारा आहे. तिथल्या फुटबॉल संघाचं नावसुद्धा ‘शिकागो फायर’ आहे. १९९५च्या त्या आठवड्याची अशी कुठलीच खूण शहराने अंगावर मिरवलेली नाही.

उन्हाच्या इतिहासाची अडचण इथूनच सुरू होते. पुराचा फोटो निघतो, आगीचा निघतो. उन्हाने मेलेला माणूस आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर, दार आतून लावून मरतो. बहुतेकदा त्याला आधीपासून हृदयाचा नाहीतर किडनीचा त्रास असतो. डॉक्टर सर्टिफिकेटवर हृदयविकार लिहितात. तेही चूक नसतं, कारण हृदय खरंच थांबलेलं असतं. शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला कातडीकडे जास्त रक्त ढकलावं लागतं, घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि सलग तीन-चार दिवस आणि रात्री हे चाललं की आधीच थकलेलं हृदय हात टेकतं. सर्टिफिकेटवर ऊन येतच नाही.

शिकागोत ते आलं, कारण एडमंड डोनाह्यू नावाच्या माणसाने ते लिहायचं ठरवलं. डोनाह्यू हे कुक काउंटीचे मुख्य मेडिकल एक्झामिनर, म्हणजे संशयास्पद किंवा अचानक झालेल्या मृत्यूचं कारण ठरवणारे सरकारी डॉक्टर. त्यांनी निकष लावले. मृत्यूच्या आधी किंवा लगेच नंतर शरीराचं तापमान १०५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर मोजलं गेलं असेल, तर उष्णतेचा मृत्यू. माणूस खिडक्या बंद असलेल्या, भट्टीसारख्या खोलीत सापडला असेल, तर तो पुरावाही धरायचा. मृतदेह कुजलेला सापडला, दुसरं कारण दिसत नाही आणि लाटेच्या दिवसांत तो शेवटचा जिवंत दिसला होता, तरीही. या हिशेबाने ११ ते २७ जुलैमधले ४६५ मृत्यू उष्णतेचे ठरले.

महापौर रिचर्ड डेली यांना हे पटलं नाही. उन्हाळ्यात मेलेला प्रत्येक जण उन्हानेच मेला असं कसं म्हणता येईल, असा त्यांचा सूर होता. आकडे फुगवले जात आहेत अशी शंका जाहीरपणे घेतली गेली आणि काही दिवस वर्तमानपत्रांत वाद रंगला तो उष्णतेचा नव्हे, मोजणीचा. शेवटी अटलांटाहून केंद्रीय साथरोग संस्थेची, सीडीसीची माणसं आली. त्यांनी डोनाह्यूंचे निकष योग्य ठरवले. नंतर मोजणीची दुसरी, त्याहून सोपी पद्धत वापरली गेली, तेव्हा कळलं की डोनाह्यूंचा आकडा फुगलेला नव्हता, उलट कमीच होता.

ती दुसरी पद्धत मला फार जवळची वाटते, कारण माझा पगार त्याच्यावर चालतो. मी सर्व्हर मॉनिटरिंगच्या टीममध्ये काम करते. सर्व्हर कधी आपणहून ‘माझं अमुक बिघडलंय’ असं सांगत नाही. आम्ही एवढंच बघतो की गेल्या काही आठवड्यांत या वेळी साधारण किती एरर यायच्या आणि आज किती येतायत. नेहमीची पातळी आणि आजची पातळी यांतला फरक मोठा असला की अलार्म वाजतो. कारण नंतर शोधायचं, आधी उठून बसायचं. ‘जादा मृत्यू’ हा हिशेब तस्साच आहे. सर्टिफिकेटवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा. जुलैच्या या आठवड्यात दरवर्षी साधारण किती माणसं जातात? यंदा किती गेली? वजाबाकी करा. ७३९ हा आकडा त्या वजाबाकीतून आला. त्याला कुणाच्या मताची गरज नाही, फक्त नोंदवही नीट ठेवलेली हवी.

मग प्रश्न येतो, गेलं कोण? उष्णतेने मेलेल्यांपैकी ७३ टक्के लोक पासष्टीच्या पुढचे होते. वयाचा हिशेब लावला तर पुरुष बायकांच्या दुपटीहून जास्त. म्हाताऱ्या बायका एकट्या राहत असल्या तरी कुणाच्या तरी संपर्कात असतात. एकटा पडलेला म्हातारा पुरुष मात्र पूर्ण एकटा पडतो. काहींच्या मृतदेहांवर हक्क सांगायलाही कुणी आलं नाही. ऑगस्टच्या अखेरीस होमवुड गावाच्या दफनभूमीत एक लांबलचक चर खणून त्यांना पुरलं गेलं. उष्णतेचे ४१ आणि इतर २७ बेवारस, सगळे एका ओळीत.

एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने या आठवड्यावर २००२मध्ये ‘हीट वेव्ह’ हे पुस्तक लिहिलं. त्याने शेजारशेजारच्या दोन वस्त्या घेतल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्ही गरीब, दोन्हींत एकट्या म्हाताऱ्यांची संख्या भरपूर, ऊन अर्थातच सारखं. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० मृत्यू, साउथमध्ये लाखामागे ४. क्लिनेनबर्गचं उत्तर रस्त्यात आहे. नॉर्थ लॉनडेलमधून कारखाने गेले, दुकानं गेली, निम्मे प्लॉट ओसाड. रस्त्यावर भीती, म्हणून म्हातारी माणसं खिडक्या-दारं घट्ट लावून आत बसली. साउथ लॉनडेल मेक्सिकन वस्ती, फुटपाथवर दाटी, दुकानं उघडी. म्हातारं माणूस घाबरलं नाही, बाहेर पडलं, दुकानात जाऊन पंख्याखाली बसलं. या मांडणीवर मिचेल डुनायर या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने हरकत घेतली, आणि हरकत बिनतोड आहे. वस्तीच्या सरासरीवरून त्या वस्तीत मेलेल्या अमुक एका माणसाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही; कदाचित मेलेली माणसं एकटी नसतीलही. मला स्वतःला क्लिनेनबर्गची रस्त्याची गोष्ट पटते, पण पटण्याचं एक कारण ती सुंदर गोष्ट आहे हेही असावं.

म्हणून मी जास्त भरवसा ठेवते तो त्याआधी, १९९६मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका रुक्ष अभ्यासावर. त्यात वस्त्या नाहीत, माणसं आहेत. सीडीसीच्या संशोधकांनी मेलेल्या प्रत्येकाची त्याच परिसरातल्या, तितक्याच वयाच्या, पण वाचलेल्या माणसाशी तुलना केली. अंथरुणाला खिळलेल्यांना धोका जास्त. एकटे राहणाऱ्यांना, रोज घराबाहेर न पडणाऱ्यांना जास्त. एसी असेल किंवा कुठे जायला वाहन असेल तर कमी. हे सगळं अपेक्षितच. या यादीत आणखी एक गोष्ट होती, जी वाचून मी मान वर करून छताकडे बघितलं. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका जास्त.

पुण्यात मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर राहते. भाडं कमी होतं म्हणून. आता ते कमी का होतं ते कळतं.

गणित सोपं आहे. उन्हाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो. आपल्याकडे तर अगदी शब्दशः. नागपूरचा शून्य सावलीचा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो, ऐन तापण्याच्या दिवसांत. त्या वेळी भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळं गच्चीवर. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ते पितो आणि एका झटक्यात तापत नाही, त्यामुळे दुपारी आपण फसतो. खरा ताप संध्याकाळी सुरू होतो. बाहेर वारा सुटलेला असतो आणि स्लॅब खालच्या खोलीत दुपारचं ऊन ओतत असतो. रात्री अकराला छताला हात लावून पाहा. पत्र्याचं घर याच्या उलटं, दुपारी लगेच पेटतं आणि रात्री लवकर निवतं. म्हणजे दुपार पत्र्याखाली वाईट, रात्र स्लॅबखाली वाईट. आणि शरीराला सावरायला वेळ मिळतो तो रात्रीच.

आपल्या जुन्या वाड्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्याकडे एसी नव्हता, पण घरातल्या घरात स्थलांतर होतं. दुपारी माजघर, घरातली सगळ्यात अंधारी आणि मधली खोली, चारी बाजूंनी इतर खोल्यांची चादर पांघरलेली. संध्याकाळी ओसरी. रात्री अंगण. कोणत्या वेळी घरातली कोणती जागा सहन होते, त्याप्रमाणे माणसं आणि अंथरुणं हलत. एका खोलीच्या, एका मजल्याच्या घरात हलणार कुठे?

पॅरिसमध्ये हाच प्रश्न ऑगस्ट २००३मध्ये फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. पॅरिसची ती सुंदर राखाडी छपरं आपण सिनेमांत पाहतो ना, ती जस्ताच्या पत्र्याची आहेत. त्यांच्या लगेच खाली छोट्या खोल्या असतात. एकोणिसाव्या शतकात त्या मोलकरणींसाठी बांधल्या गेल्या. आता त्यांत विद्यार्थी राहतात, स्थलांतरित राहतात आणि पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसं. ४ ऑगस्टपासून सलग नऊ दिवस पॅरिसमध्ये पारा ३५च्या वर राहिला. ११-१२ ऑगस्टच्या रात्री किमान तापमान २५.५ अंश होतं. आपल्याला पंचवीस म्हणजे पांघरूण ओढण्यासारखं वाटतं, पण जस्ताखालच्या खोलीत पंचवीस नव्हतं. ऑगस्ट हा तिथे सुट्टीचा महिना. मुलं-सुना समुद्रावर गेलेल्या, डॉक्टर रजेवर, मंत्रीही रजेवर. १० ऑगस्टला तातडीच्या सेवेतल्या डॉक्टरांच्या संघटनेचे प्रमुख पात्रिक पेलू यांनी टीव्हीवर सांगितलं की माणसं मरतायत. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री टीव्हीवर दिसले, सुट्टीच्या ठिकाणाहून, पोलो टीशर्टमध्ये. तो टीशर्ट फ्रेंच लोक अजून विसरलेले नाहीत. १८ ऑगस्टला सार्वजनिक आरोग्याचे महासंचालक ल्युसियँ आबेनहाइम यांनी राजीनामा दिला.

इथेही मृतदेह ठेवायला जागा पुरेना. पॅरिसजवळ रुंजिसला युरोपातला प्रचंड मोठा भाजीपाला-मांसाचा घाऊक बाजार आहे, तिथल्या एका शीतगृहात त्यांची सोय करावी लागली. शिकागोचे ट्रक आठवतात. देशभरात १ ते २० ऑगस्टमध्ये जादा मृत्यू जवळपास १५ हजार. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिएच्या दफनभूमीत ५७ बेवारस मृतदेह पुरले गेले तेव्हा राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः हजर होते. आणि नंतर घराघरांत जाऊन अभ्यास झाला तेव्हा धोक्याच्या यादीत पुन्हा तीच ओळ निघाली. छपराच्या लगेच खाली झोपणारे.

फ्रान्सने त्यानंतर जे केलं ते मला कौतुकाचं वाटतं, कारण त्यात भपका नाही. २००४मध्ये उष्णतेसाठी राष्ट्रीय योजना आली. रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागांतून रोजच्या रोज आकडे गोळा करणारी यंत्रणा उभी राहिली, म्हणजे पुढच्या वेळी बातमी शवागारातून कळायला नको. आणि एक कायदा झाला, ज्याने प्रत्येक महापौराला एक नोंदवही ठेवणं बंधनकारक केलं. गावातली एकटी राहणारी म्हातारी आणि अपंग माणसं त्यात आपलं नाव देऊ शकतात. लाट आली की नगरपालिकेचा माणूस फोन करतो, फोन उचलला नाही तर दार वाजवतो. जुलै २००६मध्ये पुन्हा मोठी लाट आली. जुन्या अनुभवावरून संशोधकांचा हिशेब सांगत होता की ६,४५२ जादा मृत्यू व्हायला हवेत. झाले २,०६५. उरलेली चार हजारांवर माणसं सगळीच त्या फोनमुळे वाचली असं कुणी म्हणत नाही, एव्हाना सगळा देशच सावध झाला होता. पण वाचली.

ही दोन्ही श्रीमंत शहरं. तुम्ही म्हणाल, आपला उन्हाळा वेगळा, आपल्याला सवय आहे. अहमदाबादचंही हेच म्हणणं होतं. सवयीचा तर तिथे वास्तुशास्त्रीय पुरावा आहे. जुन्या शहरातल्या पोळी म्हणजे अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंची घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे ऊन भिंतींपर्यंत पोचतच नाही. घराच्या मधोमध चौक आणि चौकाखाली पावसाचं पाणी साठवणारं टाकं. पण आता अहमदाबादची बहुतेक माणसं पोळीत राहत नाहीत. ती स्लॅबखाली राहतात नाहीतर पत्र्याखाली.

मे २०१०मध्ये तिथे पारा ४६.८वर गेला. उष्माघाताचे म्हणून नोंदले गेलेले मृत्यू मूठभर होते. बातम्या आल्या, संपल्या, पाऊस आला. मग गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या, आयआयपीएचच्या संशोधकांनी डॉ. दिलीप मावळंकर यांच्या पुढाकाराने, परदेशी सहकाऱ्यांबरोबर, महापालिकेची जन्म-मृत्यूची नोंदवही उघडली. सर्टिफिकेटवरचं कारण बघितलंच नाही. फक्त आकडे. मे २०१०मध्ये शहरात ४,४६२ मृत्यू. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या मे महिन्यांवरून अपेक्षित होते ३,११८. फरक १,३४४. एका महिन्यात ४३ टक्के वाढ, आणि शहराला पत्ता नव्हता. शिकागोत निदान भांडण झालं होतं. इथे भांडायलाही आकडा नव्हता, तो वजाबाकीनंतर जन्माला आला.

मला या अभ्यासाचं अप्रूप वाटतं ते यासाठी की याला एक पैशाचं नवं यंत्र लागलं नाही. नोंदवही होतीच. कारकुनांनी रोज इमानदारीत भरलेली. कुणीतरी ती उघडून योग्य प्रश्न विचारायचा बाकी होता.

त्या मे महिन्याची आणखी एक गोष्ट. अहमदाबादच्या एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात बाळं उष्णतेने आजारी पडून अतिदक्षता विभागात येत होती. काही दिवसांची बाळं, उन्हात न गेलेली. त्यांना घाम नीट येत नाही, पांघरूण ढकलता येत नाही, पाणी मागता येत नाही. बाळंतिणींचा वॉर्ड कुठे होता? इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर. वॉर्ड खाली हलवला, आणि नंतरच्या उन्हाळ्यांत उष्णतेने दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण लक्षणीय घटलं. औषध नाही, उपकरण नाही. पलंग जिन्याने खाली आणले.

२०१३मध्ये अहमदाबाद महापालिकेने हीट ॲक्शन प्लॅन आणला, दक्षिण आशियातला पहिला. आत काय आहे? हवामानाचा अंदाज आधी मिळणार. पारा ४३च्या पुढे जाणार असेल तर ऑरेंज इशारा, ४५ला रेड. इशारा आला की कोणी काय करायचं हे आधीच लिहिलेलं, एक नोडल अधिकारी जबाबदार. बागा दुपारीही उघड्या ठेवायच्या, कारण बाग हीच गरिबाची सावली. पाणपोया वाढवायच्या. डॉक्टरांना उष्माघात ओळखायचं प्रशिक्षण, १०८च्या गाड्यांत बर्फाचे पॅक. मोबाइलवर मेसेज. पुढे २०१७मध्ये झोपडपट्ट्यांतल्या हजारो छपरांना चुन्याचा पांढरा रंग दिला गेला. पुन्हा छप्पर. पांढरं छप्पर ऊन पिण्याऐवजी बरंचसं परत फेकतं, आणि चुना हा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा सगळ्यात स्वस्त माल आहे. नंतरच्या एका अभ्यासाने योजनेआधीची आणि नंतरची वर्षं ताडून बघितली. त्यात निघालं की २०१४-१५मध्ये वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत. या ‘असावेत’मध्ये चुकीला बरीच जागा आहे, तरी दिशा स्पष्ट आहे. मे २०१६मध्ये अहमदाबादने ४८ अंशांचा नवा उच्चांक गाठला. २०१०ची पुनरावृत्ती झाली नाही.

नागपूरने २०१६मध्ये आसपासच्या शहरांना बरोबर घेऊन असाच प्लॅन केला. मे २०२४मध्ये अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी चक्क १४४ कलम लावलं, कामगारांना पाणी आणि सावली, कोचिंग क्लासच्या वेळा, हे सगळं त्यात. दंगलीचं कलम उन्हाला लावावं लागतं यावरून आपल्या कायद्यांत उन्हाचं खातं किती रिकामं आहे ते दिसतं.

पण महाराष्ट्राला उन्हाबद्दल सगळ्यात मोठा धक्का विदर्भात बसला नाही. तो खारघरला बसला. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखो माणसं, भर दुपार. सरकारी आकडा १४ मृत्यूंचा. पारा होता ३८च्या आसपास. नागपूरच्या माणसाला ३८ एप्रिलमध्ये झुळूक वाटेल. शिकागोच्या ४१ला मी हसले होते त्याच जातीचं हे. कोरड्या हवेत घाम उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणूनच आमचा वाळ्याचा कूलर नागपुरात स्वर्ग आहे आणि मुंबईत नुसती दमट हवा फेकणारी पेटी. किनाऱ्यावर घाम उडत नाही, अंगावरून ओघळतो. ओघळलेल्या घामाचा काही उपयोग नाही. हवामान खात्यालाही हे मान्य आहे. उष्णतेच्या लाटेची पायरी मैदानी भागात ४०, किनाऱ्यावर ३७. पण आपण मोबाइलवर बघतो तो एकच आकडा. खारघरनंतर सरकारने दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घ्यायला बंदी घातली, त्या उन्हाळ्यापुरती.

खारघरचे १४ मोजले गेले कारण ते एका मैदानावर, कॅमेऱ्यांसमोर कोसळले. आपापल्या खोलीत जाणाऱ्यांचं काय? भारतात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. म्हणजे डोनाह्यूंसारखा निकष लावायचा म्हटलं तर चारांतल्या तीन मृत्यूंपाशी तो लावायला डॉक्टरच नाही. अहमदाबादची वजाबाकी मात्र आजही प्रत्येक महापालिकेला जमेल. मृत्यूच्या नोंदी आता ऑनलाइन होतात. दर आठवड्याचा आकडा, गेल्या पाच वर्षांतला त्याच आठवड्याचा आकडा, एक आलेख. माझ्या टीममधला नवा इंटर्न हे दोन दिवसांत करून देईल. ही बढाई नाही, काम खरोखर तेवढंच आहे. अवघड भाग आलेख काढण्याचा नाही, तो मे महिन्यात, माणसं जात असताना, जाहीर करण्याचा आहे.

तोवर, वरच्या मजल्यावरच्यांनी काय करायचं ते या इतिहासात जागोजागी सांडलेलं आहे. गच्चीला मार्चमध्येच चुना मारून घ्यावा, सोसायटीची परवानगी काढायला दोन मीटिंगा जातात. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेपर्यंत खिडक्या-पडदे बंद, बाहेर निवलं की सगळं सताड उघडं. दुपारचे तीन-चार तास खालच्या मजल्यावर कुणाकडे, वाचनालयात, देवळात, कुठेही. फॅनची हवा अंगापेक्षा गरम असेल तर कोरड्या अंगावर ती घेऊ नये, हात-मान-चेहरा ओला करून घ्यावी. आणि कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो साधा ताप नव्हे, क्रोसिनने उतरत नाही. १०८ला फोन, सावलीत आणून सगळं अंग भिजवायचं, वारा घालायचा, काखेत आणि जांघेत बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

माझी एक मावशीआजी नागपुरात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वर गच्ची. मे महिन्यात मी तिला रोज फोन करते. आधी मी विचारायचे, “आजी, फार उकडतंय का गं?” यावर नागपूरच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं, “अगं, इथे कधी उकडत नाही?” आता मी दुसरं विचारते.

“रात्री झोप लागली का?”

परवा ती म्हणाली, “कुठची गं. कूलर आग ओकत होता, लाइट तर दोनदा गेली. पहाटे चारला जरा डोळा लागला.”

“मग आज दुपारी खाली देशपांडे काकूंकडे जाऊन पड.”

“त्यांना कशाला त्रास?”

“मी बोलले त्यांच्याशी. त्यांनी दिवाणावर चादर टाकून ठेवलीय.”

थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग म्हणाली, “बरं. माझी उशी घेऊन जाते. त्यांची फार कडक आहे.”